संगीताला मी आणलेली नाही

जय ख्रिस्त.

पास्टर, शीलाताई, मंडळीतल्या सगळ्या ताया, दादा, आणि मावशीच्या बिल्डिंगमधून आलेली माणसं. तुम्ही एवढे सगळे आलात. मला माईक धरायची सवय नाही. असू दे. मी पाचवीपर्यंत शिकले, भाषण तर शाळेत पण कधी केलं नाही. लिहून पण नाही आणलं. लिहिलं असतं तर मला माझंच वाचता आलं नसतं.

एस्तेर मावशीला जाऊन आज दहा दिवस झाले. माझ्याआधी जे बोलले ते चांगलं बोलले. मला तसं जमणार नाही. मध्ये मी थांबले तर तुम्ही पण थांबा. मी परत सुरू करीन.

पुढच्या ओळीत शीलाताईंच्या बाजूला एक खुर्ची रिकामी आहे. दोघं-तिघं येऊन विचारून गेले, इथे बसू का? शीलाताई प्रत्येकाला नाही बोलल्या. ती खुर्ची त्यांनी संगीतासाठी ठेवलीय. शीलाताई मावशीची मुलगी, बहुतेकांना माहीत आहे. त्यांनी मला परवा फोन केला. बोलल्या, निर्मला, आई शेवटपर्यंत संगीताचं नाव घेत होती, तिला सभेला घेऊन ये, मला तिला एकदा भेटायचंय. मी बोलले, हो ताई.

मी तिला आणलेली नाही. ती येणार नाही. का येणार नाही, ते सांगायला मी इथे उभी राहिलेय. त्यासाठी आधी मावशीचं थोडं सांगावं लागेल, कारण बिल्डिंगवाल्यांना तिची पद्धत माहीत नसेल.

मावशी डोंबिवलीत एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. तीस वर्षं. बायकांचे कपडे बदलायची, बाळं पुसायची, चादरी धुवायची. रिटायर झाली आणि ठाकुर्लीच्या तिच्या घरात गुरुवारची संगती सुरू केली. आम्ही पाच जणी जायचो, दुपारी दोनला. चहा, एक वचन, प्रार्थना, घरी. पण खरं काम गुरुवारी नव्हतं. खरं काम मंगळवारी. मंगळवारी ती एकेकीच्या घरी जायची. माझ्याकडे विठ्ठलवाडीला अकरा वाजता यायची. यायची आणि बसायची नाही. मेथी असली तर मेथी निवडायला घ्यायची, तांदूळ असले तर तांदूळ. हात चालू, तोंड चालू. शास्त्रातली, बायबलमधली एक गोष्ट सांगायची. मग डोळे मिटायची आणि बोलायची, आता तू सांग. तुझ्या भाषेत. माझ्यासारखं नको सांगू.

मी मावशीला अगंतुगं करायचे. तिनेच तसं सांगितलं होतं.

एकदा तिने ती दोन बहिणींची गोष्ट सांगितली. प्रभू घरी येतो, एक बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसते आणि दुसरी, मार्था, एकटी स्वयंपाकघरात राबते. मला राग आला. मी बोलले, मावशी, एवढी माणसं जेवायला आली, आणि ही बसून राहिली? जेवण काय आकाशातून पडणार होतं? मावशी एवढी हसली की मेथीची पानं मांडीवरून खाली पडली. बोलली, मला पण मार्थाच आवडते गं. पण तिचं काय आवडतं सांगू? तिला जे खुपलं ते तिने त्याच्या तोंडावर सांगितलं. मनात कुढत नाही बसली. तुझ्यासारखी.

मी पण हसले. मला वाटलं ती थट्टा करतेय.

तर मावशीची पद्धत अशी. गोष्ट ऐकायची, सांगून दाखवायची, आणि पुढच्या मंगळवारच्या आत तिसऱ्या बाईला सांगायची. एकीने एकीला धरायचं. मावशीने मला धरलं, मी कोणाला तरी धरायचं. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चला न येणारी, नवीन लग्न होऊन आलेली, घरात एकटी पडलेली, कोणी पण. आणि एक नियम होता. मी जिला धरलं ती माझी. मावशी मधे येणार नाही, तिच्या घरी जाणार नाही, तिची चौकशी परस्पर करणार नाही. बोलायची, दुसरीच्या चुलीत मी फुंकर घालत नाही, तुझा विस्तव तू सांभाळ.

गुरुवारी ती प्रत्येकीला विचारायची, तुझी कशी आहे? चौघी सांगायच्या. कोणाची कामावरची मैत्रीण, कोणाची जाऊ. माझी कोणीच नव्हती. मी कोणाला धरणार? गुरुवार सोडला तर मी स्वतःच घरातून बाहेर पडत नव्हते. चार-पाच गुरुवार मी खाली मान घालून बसले. मग एका गुरुवारी मला लाज वाटली, आणि मी बोलले, आहे एक. मावशीचा चेहरा असा फुलला. नाव काय तिचं? मी बोलले, संगीता. कुठे राहते? कोळसेवाडीत. मंडळीत का येत नाही? सासू सोडत नाही.

हे सगळं मी तिथल्या तिथे बनवलं. संगीता नावाची कोणी बाई नाही.

शीलाताई, माझ्याकडे बघा. नाहीये ती. कधीच नव्हती.

थांबा. मला सांगू दे. पास्टर, मी सांगते, मी ठीक आहे.

त्या दिवसापासून मावशीने संगीतासाठी प्रार्थना सुरू केली. तिची बोटं तुम्ही सगळ्यांनी बघितलीत. एकेक बोट दाबून एकेक नाव घ्यायची. आम्ही पाच जणी डाव्या हाताला. संगीताला तिने उजव्या हाताचा अंगठा दिला. बोलली, अंगठ्याशिवाय साधी सुई पण धरता येत नाही. दोन वर्षं ती रोज तो अंगठा दाबत होती. दोन वर्षं. जी बाई नाही तिच्यासाठी.

आणि मी काय करत होते? मी संगीताची गोष्ट वाढवत होते. कारण मावशी विचारायची, तिला काय त्रास आहे गं? आणि मला सांगायला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं माहीत नव्हतं.

आता जे सांगतेय ते रियाच्या पप्पांना पण माहीत नाही. ते मागे बसलेत, रियाला घेऊन. अहो, तुम्ही रागावू नका. घरी बोलू.

रिया झाली तेव्हा मला भीती लागली. कसली, ते सांगायला शब्द नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाळाला घेऊन गॅलरीत गेले की मला वाटायचं, माझे हात सुटतील. माझेच हात. मी तिच्यावर जीव टाकत होते आणि मला माझ्याच हातांची भीती वाटायची. मी सुरी माळ्यावर ठेवली. गॅलरीचं दार लावून टाकलं. कपडे आत वाळत घालायचे, घरभर ओल्या कपड्यांचा वास. मावशी आली की विचारायची, एवढं कडकडीत ऊन आहे, कपडे आत का? मी सांगायचे, कबुतरं घाण करतात.

कोणाला सांगणार? रियाचे पप्पा लिफ्ट दुरुस्तीला जातात, सकाळी गेले की दिवसभर नाहीत. सासूला सांगितलं तर ती बाळ घेऊन गावाला गेली असती. आणि आईच असं बोलायला लागली तर लोक काय म्हणतील? वेडी म्हणतील. नाहीतर म्हणतील हिच्यात काहीतरी शिरलंय.

तर मी ते सगळं संगीताचं म्हणून सांगितलं. संगीताला एक छोटी मुलगी आहे. संगीताला गॅलरीत जायची भीती वाटते. संगीता सुरी लपवते.

गुरुवारी हे निघालं तेव्हा आमच्यातली एक ताई बोलली, विश्वास कमी पडतोय तिचा, खरी विश्वासातली आई असं मनात आणेल का? ती ताई इथे आहे. मी नाव घेत नाही आणि माझा तिच्यावर राग पण नाही. मी तेव्हा तिच्या बोलण्याला मान डोलावली होती. मीच. मावशीने मात्र कप खाली ठेवला. बोलली, तीस वर्षं मी बाळंतिणी बघितल्यात. दर काही दिवसांनी अशी एक असायचीच, भिंतीकडे तोंड करून पडलेली. हा आजार आहे, पाप नाही. ताप आला तर आपण प्रार्थना पण करतो आणि गोळी पण घेतो ना? मग?

मग माझ्याकडे वळून बोलली, निर्मला, तिला सांग, बाळाला घेऊन जमिनीवर बस. भीती आली की खाली बस. बाळाचं नाव मोठ्याने घे. आणि तिला सांग, ती वाईट आई नाही.

मी बोलले, सांगते.

घरी येऊन मी जमिनीवर बसले. रियाला मांडीत घेतलं. रिया, रिया, रिया करत बसले. थोडं हलकं वाटलं. पण मावशी जे बोलली ते मी ऐकलं, ते चोरून ऐकल्यासारखं. ती वाईट आई नाही. ते संगीताला सांगितलेलं होतं. मला नव्हतं.

आता ठाण्याचं सांगते. हे सांगायलाच मला सगळ्यात जड जातंय.

मावशी मागे लागली, संगीताला डॉक्टर पाहिजे. ठाण्याला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, चौकशी करून आली ती. मला वार सांगितला, वेळ सांगितली. बोलली, मी तिच्या घरी जाणार नाही, नियम म्हणजे नियम. पण मी तिथे केसपेपरच्या खिडकीजवळ बाकावर बसून राहीन. तिने नुसतं यायचं. बाकी सगळं मी बघीन, डॉक्टरकडे पण मीच आत नेईन, तिला काही बोलायला नको. तू तुझं घर बघ, तू नको येऊस, ती तुझ्यासमोर लाजेल.

बघा, किती विचार केला होता तिने.

त्या दिवशी मी रियाला घेतलं आणि कल्याणहून बस धरून ठाण्याला गेले. मला जायचंच होतं. मला वाटलं, मावशी पोचायच्या आत मी केसपेपर काढीन. पण मी गेटमधून आत वळले तर ती आधीच बसली होती. नऊ पण वाजले नव्हते. गुडघ्यांचं एवढं दुखणं, तरी आली होती. पायाशी पिशवी, मांडीवर डबा, हातात छत्री. आणि बाळ घेऊन कोणी पोरगी आत शिरली की अर्धी उठायची. तिच्याकडे बघून हसायची. ती पोरगी पुढे निघून गेली की परत बसायची.

मी गेटबाहेर चहाच्या टपरीमागे उभी राहिले. तासभर. रिया खांद्यावर झोपली होती. मावशी किती वेळा उठली ते मी बघत होते. मला नुसतं समोर जायचं होतं. चाळीस-पन्नास पावलं. मी गेले असते तर ती काय बोलली असती? रागावली असती? तुम्ही तिला ओळखता. सांगा.

मी नाही गेले. मी परत फिरले आणि बस धरून घरी आले. मावशी तिथे एक वाजेपर्यंत बसून होती, ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं.

पुढच्या मंगळवारी आली, मेथी घेतली. मग बोलली, आली नाही गं. तिथे आत यायची दारं दोन आहेत, मला तिथे गेल्यावर कळलं. मी चुकीच्या दारापाशी बसले असेन. बिचारी येऊन गेली असेल आणि कोणी दिसलं नाही म्हणून परत गेली असेल. तिला सांग, मावशीचं चुकलं. तिला सांग, मावशीला माफ कर.

आणि मी काय बोलले माहितीये? मी बोलले, सांगते.

माझी भीती मग हळूहळू कमी झाली. कशी, मला माहीत नाही. रिया चालायला लागली, माझ्या हातातून उतरली, म्हणून असेल. मी मावशीला सांगितलं, संगीता बरी आहे आता. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने अंगठा दाबायचं सोडलं नाही.

मग तिची किडनी बिघडली. शेवटच्या दिवसांत मी ठाकुर्लीला जायचे. आधी ती माझ्याकडे यायची, आता मी तिच्याकडे. तेव्हा तिने पहिल्यांदा नियम मोडला. बोलली, निर्मला, मला संगीताला एकदा बघायचंय. काही विचारणार नाही. नुसतं तोंड बघायचंय. मी बोलले, मंगळवारी आणते.

इथे मी तुम्हाला सांगू शकले असते की मंगळवारी मी खरं सांगणार होते. ते पण खोटं झालं असतं. मी बाजूच्या खोलीतल्या भाभीला विचारलं, एक तास माझ्याबरोबर चल, संगीता म्हणून बस, काही बोलू नको. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बोलली, निर्मला, जाणाऱ्या माणसाशी नाटक करतेस? मला तुझी कीव येते. आणि दार लावून घेतलं. तिचा आपल्या मंडळीशी काही संबंध नाही. तिला जे कळलं ते मला नाही कळलं.

मंगळवार आलाच नाही. मावशी रविवारी सकाळी गेली.

काल मी हे पास्टरांना थोडं सांगितलं. ते बोलले, मावशी एवढी हुशार होती, तिला कळलं असेल. तुमच्यातल्या पण कोणाच्या मनात आलं असेल. तीस वर्षं बाळंतिणींना बघणाऱ्या बाईला समोरची बाई दिसली नसेल का? मी पण रोज हाच विचार करते. बरं वाटतं असा विचार केला की. पण मला माहीत नाही. आणि मी ते तिच्यावर ढकलणार नाही. तिला कळलं असलं तरी सांगायचं माझ्याकडे होतं, आणि मी दोन वर्षं दर मंगळवारी तिच्या समोर बसून नाही सांगितलं. ती एवढ्या जवळ बसायची की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायचा.

तिने मला धरलं होतं. मी धरू दिलं नाही. मी तिच्या हातात दुसरीच कोणी दिली. ती बिचारी हवेला धरून बसली.

शीलाताई, तुमच्या आईचा एवढा वेळ मी खाल्ला. दुसऱ्या कोणाला तो मिळाला असता. मी माफी मागते. तुम्ही आत्ता काही बोलू नका. तुम्ही कधीच नाही बोललात तरी मी समजेन.

आणि एक आहे. हे मी आज नाही बोलले तर परत कधी बोलणार नाही.

मला पाचवा महिना चालू आहे. दिसत असेल तुम्हाला. आणि ती भीती परत आलीय. अजून बाळ पण झालं नाही, तरी आलीय. गेल्या आठवड्यात मी सुरी परत माळ्यावर ठेवली. रियाचे पप्पा विचारत होते, भाजी कशाने कापतेस? मी हसून टाळलं. अहो, हे त्यामुळे होतं.

आता माझ्यामागे लपायला संगीता नाही. जे आहे ते माझं आहे. माझं नाव निर्मला आहे आणि मला माझ्या हातांची भीती वाटते. बोलले. बघा, बोलले मी.

मंगळवारी सकाळी मी ठाण्याला जाणार आहे. डॉक्टरकडे. माझ्या नावाने केसपेपर काढणार. रियाचे पप्पा सुट्टी टाकतील, मला माहीत आहे, माणूस चांगला आहे. पण मला एक बाई पाहिजे बरोबर. आत शिरताना माझे पाय मागे फिरतात, ते मी तुम्हाला सांगितलंच. कोणीतरी दंड धरून आत न्यायला पाहिजे. आत्ता हात वर करू नका. घाईत, माझी दया येऊन, कोणी हो बोलू नका. घरी जा, विचार करा. मावशीने तुमच्यातल्या कितीतरी जणींना धरलंय. ती गेली तरी तुम्ही आहात ना? आहात ना?

मी सकाळी आठला कल्याणच्या बसस्टॉपवर असेन. कोणी आलं तर बरं. नाही आलं तरी मी बसमध्ये चढणार आहे.

पास्टर बोलले होते, शेवटी सगळ्यांना उभं कर. तर उभे राहा आता. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहिलं तरी चालेल, मावशी काही बोलली नसती. दोन मिनिटं. कोणी गाणं नको, कोणी मोठ्याने प्रार्थना नको. प्रत्येकाने मावशीला ते सांगा जे तिला सांगायचं राहिलं.

माझं सांगून झालं. मी गप्प उभी राहते.